राणीच्या नाकापुढची रेघ

सोनाळ्यात कोणाच्या पेटीत, देव्हाऱ्यात किंवा भिंतीतल्या गाडग्यात जुना चांदीचा रुपया सापडला, की सोनाराकडे जाण्याआधी तो हिंमतरावांच्या ओसरीवर येतो. हिंमतरावांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. ते कांद्या-वांग्यांचे शेतकरी. नाणी पाहतात त्या त्यांच्या पत्नी, अन्नपूर्णाबाई. साठीच्या पुढच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, अंगानं किरकोळ. त्या आधी पदराला हात कोरडे करतात, कमरेच्या पिशवीतून भिंग काढतात आणि दारातून तिरप्या येणाऱ्या उन्हात रुपया कडांनी धरतात. राणीच्या तोंडावर बोट टेकवत नाहीत, दुसऱ्यालाही टेकवू देत नाहीत. बऱ्याच वेळानं सांगतात, की हा अमुक ठशाचा, आणि ठसा म्हातारा झाल्यावर पाडलेला. किंमत विचारली, की भिंग पिशवीत जातं.

हिंमतरावांनी या छंदाला कधी विरोध केला नाही आणि त्याची थट्टा करण्याची संधीही कधी सोडली नाही. पाराजवळ बसलेल्यांना ते सांगतात, "आमच्या घरी दोन राण्या हायेत. एक रुपयावर बसली, दुसरी तिले पाहत बसली. भाकर कोणं टाकावी?" ऐकणारे हसतात. अन्नपूर्णाबाईंपर्यंत हे पोहोचतं तेव्हा त्याही हसतात. पण हे पाहणं त्या का शिकल्या, हे त्या हसण्यात कधी आलं नाही. ते एका परातीपासून सुरू झालं होतं.

त्या घरात एक रीत होती. नवी सून उंबरठा ओलांडून आली, की सासू तिची ओटी भरताना गव्हाबरोबर चांदीचा एक राणीछाप रुपया घाली. तो तिचा ओटीचा रुपया. पहिल्या हंगामाला सुनेनं स्वतःची धान्याची कणगी लिंपायची: पुरुषांनी तुराट्यांची विणून दिलेली, तिनं शेणामातीनं सारवलेली. कणगीच्या गळ्याच्या आतल्या बाजूला चाळलेल्या पांढऱ्या मातीचं तळहाताएवढं वर्तुळ थापायचं आणि ओल्या मातीत आपला ओटीचा रुपया राणीचं तोंड आत करून दाबायचा. रुपया काढून घेतला, की मातीत राणी उरे. धान्यावर लक्ष्मीची नजर राहावी म्हणून.

दुसरा भाग दिवाळीचा. लक्ष्मीपूजनाला घरातल्या सगळ्या बायकांचे ओटीचे रुपये एका पितळी परातीत येत, चिंचेनं आणि राखेनं घासून लखलखीत होत, पूजेला बसत. पाडव्याच्या सकाळी सासू जिचा रुपया तिला परत करी. रुपयावर खूण करायची नाही, ओरखडा काढायचा नाही, दोराही बांधायचा नाही. लक्ष्मीला डाग लावल्यासारखं होतं. मग कोणता कोणाचा हे कसं कळायचं? अन्नपूर्णाबाईंच्या सासू मनकर्णाबाई म्हणत, "मले खूण कायले पाहिजे? हाताले वळखू येते." आणि खरोखरच त्या परातीकडे नीट पाहतही नसत. रुपया उचलायच्या, समोरच्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा तुहा." त्यांच्या आवाजात असा ठामपणा असे, की शंका मनात येणंसुद्धा उद्धटपणाचं वाटावं.

मनकर्णाबाईंना सुना दोन. थोरली अन्नपूर्णा आणि धाकटे चिरंजीव शेषराव यांची संजीवनी. संजीवनी आली ती अकोटकडची, बोलकी आणि मानी. दोघी जावांचं चांगलं जमलं. एकीनं चूल धरली तर दुसरीनं गोठा, आणि दुपारी कांद्याच्या रोपांत दोघींच्या गप्पा. हे सासू असेपर्यंत.

मनकर्णाबाई गेल्या त्यानंतरच्या दिवाळीत परातीमागं बसण्याचा मान थोरलीकडे आला. पाडव्याला परातीत दोनच रुपये होते. सासूचा स्वतःचा तिच्याबरोबर गंगेला गेला होता. अन्नपूर्णाबाईंनी दोन्ही पाहिले. दोन्हींवर तीच मुकुटातली राणी, मागं तोच वेल, तोच सन. हाताला काहीही ओळखू आलं नाही. समोर संजीवनी तळहात पुढं करून बसली होती. त्यांनी जो जवळ होता तो उचलला आणि सासूच्या आवाजात म्हटलं, "हा तुहा."

संजीवनीनं रुपया अंगठ्याखाली फिरवला, कडेवरून फिरवला, आणि सावकाश म्हणाली, "मोठ्याबाई, हा माहा नाही."

त्या वेळी अन्नपूर्णाबाईंनी "मलेही समजलं नाही व" एवढं म्हटलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण परातीमागची जागा नवी होती, आणि ओसरीवर दोघींचे नवरे बसले होते. त्या म्हणाल्या, "राणी तीच, सन तोच. तुह्या रुपयाले का शिंगं होते?"

ओसरीवर कोणीतरी हसलं. संजीवनीनं मूठ मिटली. पुढच्या दिवाळीला तिचा रुपया परातीत आला नाही. विचारल्यावर तिनं सांगितलं, की पेटीची किल्ली सापडत नाही. त्यानंतर किल्ली कोणी विचारली नाही. काही वर्षांनी भावांच्या चुली वेगळ्या झाल्या; भांडण न होता, एकाच अंगणात दोन दारं झाली. जावांचं बोलणं बंद झालं नाही. बंद झालं असतं तर एखाद्या दिवशी कोणीतरी ते उघडलं असतं. ते फक्त कामापुरतं उरलं: नळ आला का, दळण नेता का, पाहुणे कधी येतात.

अन्नपूर्णाबाईंना यात सलत होतं ते एकच. आपण ओळखून दिला नव्हता. संजीवनी चुकली असेल किंवा नसेल, पण आपल्याला माहीत नसताना आपण माहीत असल्यासारखं बोललो. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी हिंमतरावांनाही सांगितली नव्हती. ओटी भरताना मनकर्णाबाई त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "हा माह्या सासूच्या ओटीतला हाये. जपजो." म्हणजे तो घराण्याचा मूळ रुपया. तो आपल्याकडं राहिला आहे की त्या पाडव्याला संजीवनीकडं गेला, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

मार्ग निघाला तो शेगावात. दर्शन झाल्यावर हिंमतराव चहाला थांबले होते आणि अन्नपूर्णाबाई समोरच्या अरुंद दुकानाशी उभ्या राहिल्या. काचेखाली जुनी नाणी मांडलेली होती. दुकानदार नारायणराव, पांढरी टोपी घातलेले, सडपातळ, कोणालाही 'माय' म्हणणारे. त्यांनी एक रुपया काढून दाखवला. पंचम जॉर्ज राजाच्या पहिल्या सालचा. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला, पण सोंड अशी आखूड पडली की लोकांना ते डुक्कर वाटलं. गिल्ला झाला आणि पुढच्या सालापासून हत्ती सुधारून घेतला. अन्नपूर्णाबाईंना मजा वाटली. जाता जाता त्या म्हणाल्या, की आमच्याकडंही राणीछाप आहे, बासष्टचा. पण ते सगळे सारखेच, त्यात काय पाहायचं.

नारायणरावांनी काचेखालून दोन रुपये काढले. दोन्ही अठराशे बासष्टचे. मग त्यांनी समजावून सांगितलं, की टांकसाळीनं तो सन तसाच ठेवून पुढं कितीतरी वर्षं रुपये पाडले. पोलादी ठसे झिजत, नवे कोरले जात, प्रत्येक ठशावर कारागिराचा हात थोडा वेगळा पडे. कुठं वरच्या फुलाच्या पाकळ्या रुंद, कुठं राणीच्या झग्यावरच्या नक्षीची चौकट अर्धी जास्त, कुठं सनाच्या खाली मोहरीहून बारीक ठिपका.

"सन एकच म्हणून रुपया एकच होत नाही, माय," ते म्हणाले. "पाहणाऱ्यानं पाहिलं पाहिजे."

अन्नपूर्णाबाई परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्या, पण त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. राणी तीच, सन तोच, हे स्वतःचं वाक्य त्यांना वाटभर ऐकू येत होतं.

त्यानंतर दर्शनाला गेलं की दुकानात थोडं बसणं ठरून गेलं. गिऱ्हाईक नसलं की नारायणराव दोन नाणी पुढं सरकवत आणि काय वेगळं आहे ते विचारत. सुरुवातीला अन्नपूर्णाबाईंना सगळंच सारखं दिसे, मग सगळंच वेगळं दिसू लागलं, आणि हा दुसरा काळ जास्त कठीण गेला. प्रत्येक खरचटा त्यांना ठशाची खूण वाटे. तेव्हा नारायणरावांनी त्यांना या विद्येतली पहिली गोष्ट शिकवली. ठशाला चीर गेली की दाबताना तिच्यात चांदी शिरते. म्हणून नाण्यावर ती रेघ उठून येते, नखाला लागते. पुढं जगात आल्यावर रुपयाला जो मार बसतो, तो मात्र आत जातो. ठशाची खूण त्या ठशाखालच्या साऱ्या भावंडांवर असते. घाव ज्याचा त्याचा.

अन्नपूर्णाबाईंना हे चटकन कळलं, कारण त्यांनी ते पाहिलेलं होतं. होळीच्या बाजारात साखरेच्या गाठ्या पाडणाऱ्याचा लाकडी साचा चिरलेला असला, की लेकरांच्या गळ्यातल्या साऱ्या माळांवर तीच रेघ उठलेली असते. एखाद्या गाठीचा कोपरा लेकरानं चावलेला असला, तर तो त्या एकाच गाठीचा.

एकदा त्या स्वतःचा रुपया घेऊन गेल्या. नारायणरावांनी तो उन्हात तिरपा केला आणि दिवाळीच्या चिंचेबद्दल, राखेबद्दल ऐकून घेतलं. राणीच्या केसांच्या बटा जवळजवळ सपाट झाल्या होत्या, आणि नाकापुढं एक ओरखडा होता, राखेत खडा आला असावा तसा. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही राणीचं नाक घासून घासून देवाले वाह्यलं, माय." अन्नपूर्णाबाईंच्या मनात आलं, की संजीवनीचा रुपया इतकी वर्षं पेटीत आहे. तो काळा पडला असेल, पण शाबूत असेल. आपण जिला सेवा म्हणत होतो तिनं पुरावा पुसला, आणि संजीवनीचा राग मात्र त्याला राखत बसला.

पण त्यांना आता पुरावा कुठं आहे हे सुचलं होतं. रुपया झिजतो, कणगीच्या झाकणाखालची पांढरी माती झिजत नाही.

दोघींच्या कणग्या जुन्या गोठ्यात होत्या. वाटणीत गोठा शेषरावांकडं गेला, कणग्या तिथंच मागच्या भिंतीशी राहिल्या. धान्य पत्र्याच्या कोठ्यांत जाऊ लागल्यावर त्यांना कोणी विचारलं नाही. यंदा शेषरावांनी उरलेली बैलजोडी विकली होती, आणि दसरा झाला की गोठा पाडून तिथं स्लॅबची खोली घालायची ठरली होती. ही बातमी हिंमतरावांनी जेवताना सहज सांगितली. अन्नपूर्णाबाईंचा घास हातात राहिला. गोठा पडला की कणग्या पडणार, आणि मग त्या पाडव्याला काय झालं ते कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या संजीवनीच्या दारात उभ्या राहिल्या आणि कणगी पाहायची आहे म्हणाल्या. संजीवनी तांदूळ निवडत होती. तिनं वर न पाहता सांगितलं, "पाहा ना. कोंबड्या अंडे घालून राह्यल्या तिच्या आडोशाले. सापडले तं तुम्हीच घ्या."

गोठ्यात कुटाराचा, म्हणजे गुरांच्या भुशाचा, वास होता. संजीवनीची कणगी पुढं होती, त्यांची स्वतःची मागं, कुटाराच्या ढिगाआड. त्यांनी पुढच्या कणगीचं झाकण काढलं, गळ्यात हात घालून जाळी पुसली आणि भिंग लावलं. मातीतली राणी रुपयावरच्या राणीच्या उलट, उजवीकडं पाहत होती. चेहरा आत गेलेला, पण एकेक बट शाबूत. आणि नाकापुढून कडेपर्यंत गेलेली एक बारीक, खोल रेघ.

अन्नपूर्णाबाईंनी कमरेच्या पिशवीतून आपला रुपया काढला. नाकापुढं ओरखडा. तोही खोल.

त्यांनी झाकण लावलं, कोंबडीखालची अंडी तशीच ठेवली आणि घरी आल्या. म्हणजे संजीवनीनं बरोबर ओळखलं होतं. तिचा रुपया इतकी वर्षं आपल्या पिशवीत आहे. आपण तो घासला, मिरवला, आणि ती म्हणाली तेव्हा तिला चारचौघांत शिंगं दाखवली. पुढचे काही दिवस त्यांनी कोणाचं नाणं पाहिलं नाही. हिंमतरावांनी राणीचा संप आहे का म्हणूनही विचारलं. रुपया परत द्यायचा हे ठरलंच होतं. फक्त देताना काय म्हणावं ते सुचत नव्हतं. आणि शिकल्यापासून लागलेली एक सवय आडवी येत होती: दुसऱ्या डोळ्याला दाखवल्याशिवाय निवाडा करायचा नाही.

म्हणून त्या शेगावला गेल्या. नारायणरावांनी सांगितलं तेवढं ऐकून घेतलं. कणगीचं आणि जावेचं नाही. अन्नपूर्णाबाईंनी फक्त मातीतल्या छापाचं सांगितलं होतं. त्यांनी रुपया हातातही घेतला नाही.

"मातीत रेघ खोल हाये म्हणता?"

"हाव."

"अन् या रुपयावरबी खोल?"

अन्नपूर्णाबाई हो म्हणायला गेल्या आणि थांबल्या. नारायणराव गिऱ्हाइकाकडं वळले. पुढचं सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. मातीत जे खोल, ते चांदीवर उंच असणार. कणगीवरचा रुपया ज्या ठशाचा होता त्या ठशाला चीर गेलेली होती, आणि ती रेघ त्या रुपयावर उठून आलेली होती. आपल्या रुपयावरचा तर ओरखडा, राखेतल्या खड्याचा. गाठ्यांचा साचा पाहिलेल्या बाईनं ही चूक करावी, याचं अन्नपूर्णाबाईंना हसू आलं; आणि त्या हसण्यामागोमाग असा हलकेपणा आला, की एस.टी. येईपर्यंत त्यांनी हिंमतरावांना आपणहून भजी खाऊ घातली. संजीवनीचा रुपया संजीवनीकडंच होता. त्या पाडव्याला हात आंधळा होता, पण चुकला नव्हता. आता तिला दाखवता येईल, असं त्यांना वाटलं. त्या वाटण्यात थोडा विजय होता, हे त्यांना जाणवलं आणि त्यांनी तो बाजूला सारला नाही.

घरी गेल्यावर त्यांनी घट्ट कणीक मळली. तिला तेलाचा हात लावला, दोन गोळे केले आणि गोठ्यात गेल्या. भिंगानं उलटी राणी वाचण्यात डोळा फसतो. कणीक मातीत दाबून काढली, की राणी सुलटी होते. पहिला गोळा संजीवनीच्या कणगीत दाबला. काढला तर कणकेवर राणी डावीकडं पाहत होती, नाकापुढची रेघ उठून आलेली, आणि कडेशी, पहिल्या इंग्रजी अक्षराच्या मागं, उंदरानं कुरतडल्यासारखी एक खोक. रेघ ठशाची, खोक त्या एका रुपयाची. दोन्ही एकत्र असलेला दुसरा रुपया असूच शकत नव्हता.

दुसरा गोळा त्यांनी केवळ पडताळा पुरा व्हावा म्हणून मळला होता. कुटार बाजूला सारून त्यांनी स्वतःच्या कणगीचं झाकण काढलं. तिथं सपाट नाकाच्या त्यांच्याच राणीचं तरुणपणचं तोंड दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. गोळा दाबला, सोडवला, दाराशी उजेडात आणला.

नाकापुढून कडेपर्यंत उठलेली रेघ. पहिल्या अक्षराच्या मागं, कडेशी, तीच खोक.

अन्नपूर्णाबाई उंबऱ्यावर बसल्या. दोन गोळे दोन तळहातांवर होते आणि त्यांच्यात काही फरक नव्हता. त्या बराच वेळ तशाच बसल्या असाव्यात, कारण अंगणातून पाहणाऱ्या संजीवनीला चिंता वाटून ती आली.

"चक्कर आली का, मोठ्याबाई?"

"तुहा रुपया आन," त्या म्हणाल्या. आणि मग, कारण एवढ्यावर ती तो आणणार नव्हती, "त्या पाडव्याले मले समजलंच नव्हतं कोणता कोणाचा. हाताले आला तो देल्ला. आन, पाहू दोघी."

संजीवनी घरात गेली. पेटीची किल्ली कुठंही हरवलेली नव्हती.

तिचा रुपया जुन्या पितळेसारखा काळपट झाला होता, पण राणी पूर्ण होती. अन्नपूर्णाबाईंनी भिंग तिच्या हातात दिलं आणि कुठं पाहायचं ते बोटानं, न टेकवता, दाखवलं. रेघ. खोक. मग कणकेचे दोन गोळे. कोणता कोणत्या कणगीतला, तेही सांगितलं. संजीवनीला समजायला वेळ लागला नाही. ती मुळातच हुशार होती. आपल्या हातातला रुपया आपल्या कणगीतला आहे आणि तोच रुपया, थोरलीच्या लग्नाच्या साली, थोरलीच्याही कणगीत उमटलेला आहे.

"म्हणजे हा तुमचाच," ती म्हणाली. "पहिले तुमच्या ओटीत होता."

"अन् मंग तुह्या."

"मले त्याईनं सांगतलं होतं," संजीवनी हळूच म्हणाली, "का हा माह्या सासूच्या ओटीतला हाये. जपजो."

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. हे शब्द आपल्यालाही सांगितले होते, असं त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण संजीवनीनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला ते कळलं.

गोठ्याच्या दारात बसून दोघींनी जुन्या दिवाळ्या मागं मागं नेल्या. संजीवनी येण्याआधीच्या एखाद्या पाडव्याला मनकर्णाबाईंनी थोरलीच्या हातावर दुसराच रुपया ठेवला असणार, त्याच ठाम आवाजात. आणि खोकेचा रुपया पुढं धाकटीच्या ओटीत गेला. त्यानंतरही दरवर्षी परातीतून कोण काय घेऊन गेलं, याचा काही नेम नव्हता. त्या पाडव्याला संजीवनीच्या अंगठ्याला जो रुपया परका वाटला, तो तिच्याच कणगीतला होता; आणि ज्याची तिला सवय झाली होती तो कधीच तिच्या कणगीत नव्हता.

सासूला हातानं काहीच ओळखू येत नव्हतं, असं अन्नपूर्णाबाईंचं मत पडलं. संजीवनीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, सासूनं जाणूनबुजून केलं: घरात मानाचा रुपया एकच, तो दोघींच्या ओटीत पडावा, दोघींच्या कणगीत उमटावा, म्हणून. यावर दोघींचा वाद झाला, आणि तो वाद इतका लांबला, की शेषराव जेवायला म्हणून दोनदा डोकावून गेले. पुष्कळ वर्षांत त्यांनी या दोघींना एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. कणकेच्या गोळ्यांचं काय चाललंय हे विचारण्याचं धाडस त्यांना झालं नाही.

दसऱ्यानंतर गोठा पडला. अन्नपूर्णाबाईंच्या मनात कणगीचे ते दोन मातीचे तुकडे कापून ठेवावेत असं होतं. पुरावा म्हणून नव्हे, ठसा म्हणून. नारायणरावांना दाखवले असते. पण संजीवनीनं दोन्ही गळ्यांची पांढरी माती फोडून एकाच टोपल्यात भिजत घातली होती आणि दिवाळीला पूजेची जागा त्या मातीनं सारवायची ठरवली होती. अन्नपूर्णाबाईंनी टोपल्यात पाहिलं. राणी विरघळत होती. त्यांनी बाह्या वर केल्या आणि माती कालवायला बसल्या.

लक्ष्मीपूजनाला परात थोरलीच्या घरी मांडली. रुपये चिंचेनं घासायचे नाहीत, नुसत्या पाण्यानं धुवून टिपायचे, असा अन्नपूर्णाबाईंनी हुकूम काढला. संजीवनी म्हणाली, की सासूच्या राज्यात राणीला रोज उटणं नसलं तरी वर्षाकाठी आंघोळ होती, या राज्यात तीही बंद. हिंमतरावांना ही गोष्ट फार आवडली.

पाडव्याच्या सकाळी अन्नपूर्णाबाई परातीमागच्या पाटावर बसल्या नाहीत. त्यांनी संजीवनीला तिथं बसवलं आणि स्वतः समोर येऊन तळहात पुढं केला. भिंग कमरेच्या पिशवीत होतं. दारातून ऊनही येत होतं. संजीवनीनं परातीकडं न पाहता हात घातला, एक रुपया उचलला, त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "हा तुमचा."

अन्नपूर्णाबाईंची बोटं मिटली. इतकी वर्षं शिकलेला अंगठा आपसूक कडेकडं गेला, पहिल्या अक्षराच्या मागं, आणि तिथं खोक होती की नव्हती हे त्याला कळलं. ते कळणं आता थांबवता येणार नव्हतं. त्यांनी मूठ छातीशी नेली आणि नमस्कार केला.

"कोणता आला व?" हिंमतरावांनी ओसरीवरून विचारलं.

"माहा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.